एकदाच पैसे भरा, हवे तेवढे खा: हॉटपॉट उपाहारगृहाचा हिशेब

जून २०१८ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतातील चेंगदू शहरात एका हॉटपॉट (म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात पदार्थ शिजवून खाण्याच्या) उपाहारगृहाने १२० युआन किमतीचे एक कार्ड विक्रीला काढले. हे कार्ड घेणाऱ्याला महिनाभर, कितीही वेळा येऊन, हवे तेवढे जेवता येणार होते. रोज पाचशेहून अधिक माणसे येऊ लागली, दारात रांगा लागू लागल्या, एकाच्या कार्डावर इतर मंडळीही जेवून जाऊ लागली, आणि दोन आठवडे पूर्ण होण्याच्या आतच सुमारे ५ लाख युआनचे कर्ज डोक्यावर घेऊन मालकांना दुकान बंद करावे लागले. पुढे मे २०२४ मध्ये अमेरिकेतील रेड लॉबस्टर या सागरी खाद्यपदार्थांच्या मोठ्या साखळीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हाही बातम्यांच्या मथळ्यांत झळकली ती वीस डॉलरांत हवी तेवढी कोळंबी देणारी तिची योजना.

अशा बातम्या वाचल्या की मनात दोन परस्परविरोधी प्रश्न उभे राहतात. ठरावीक पैशांत हवे तेवढे खाऊ घालणे हा जर आतबट्ट्याचा व्यवहार असेल, तर तैपेई, तोक्यो, व्हँकूवर अशा शहरांत हॉटपॉटची असली उपाहारगृहे वर्षानुवर्षे गर्दीने भरलेली कशी असतात? आणि हा व्यवहार जर मालकाच्या फायद्याचा असेल, तर तिथे पैसे मोजणारा ग्राहक फसतो का? माझ्या मते दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. हे उपाहारगृह अन्न विकते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते ठरावीक वेळेपुरती एक खुर्ची विकत असते आणि अन्नाचा खर्च सगळ्या खुर्च्यांवर मिळून वाटलेला असतो. ही गोष्ट नीट समजली की मालकाची गणितेही उलगडतात आणि आपण तिथे जाऊन कसे जेवावे हेही.

हॉटपॉट म्हणजे नेमके काय

टेबलाच्या मधोमध एक शेगडी असते, तिच्यावर उकळत्या रश्श्याचे भांडे असते आणि भोवती कच्च्या पदार्थांच्या ताटल्या मांडलेल्या असतात: मांसाचे कागदासारखे पातळ काप, मासे, कोळंबी, टोफू, अळंबी, चायनीज कोबी, कमळकाकडी, नूडल्स. जेवणारा आपल्याला हवा तो पदार्थ रश्श्यात बुडवतो, शिजला की बाहेर काढतो, समोरच्या वाटीतल्या चटणीत घोळवतो आणि खातो. स्वयंपाक आणि जेवण एकाच वेळी, एकाच टेबलावर चालते. एका जेवणाला दीड-दोन तास सहज लागतात आणि गप्पांना भरपूर अवकाश मिळतो.

रश्श्याची तऱ्हा प्रदेशागणिक बदलते. यांग्त्झी आणि ज्यालिंग या नद्यांच्या संगमावर वसलेल्या चोंगचिंग शहरात नावाडी आणि हमाल यांच्या वस्तीतून जो हॉटपॉट वर आला, त्यात बैलाच्या चरबीचा, सुक्या मिरच्यांचा आणि सिचुआन मिऱ्यांचा लालभडक रस्सा असतो, आणि त्यात स्वस्तात मिळणारे आतड्या-कोथळ्याचे भाग शिजवले जात. सिचुआन मिरे आणि आपल्या कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ ही एकाच वंशातील झाडांची फळे आहेत, म्हणून जिभेला येणाऱ्या झिणझिण्या मराठी माणसाला अगदीच अनोळखी वाटत नाहीत. बेजिंगमध्ये मात्र कोळशावरच्या तांब्याच्या भांड्यात, जवळजवळ साध्या पाण्यात, मेंढीच्या मांसाचे काप शिजवतात. तिथले १९०३ मध्ये सुरू झालेले दोंगलायशुन हे उपाहारगृह त्यासाठी प्रसिद्ध आहे. शाबू-शाबू या जपानी हॉटपॉटचा रस्सा कोंबू या समुद्री वनस्पतीचा आणि अतिशय सौम्य असतो.

पैसे आकारण्याच्या पद्धती दोन आहेत. एक, ताटलीगणिक दाम. १९९४ मध्ये सिचुआनमधील ज्यानयांग येथे सुरू झालेली हायदीलाओ ही प्रचंड साखळी याच पद्धतीने चालते. दुसरी, दर माणशी एक ठरावीक रक्कम भरून हवे तेवढे खाण्याची, म्हणजे आपल्याकडील अनलिमिटेड थाळीची. या लेखाचा विषय ही दुसरी पद्धत आहे.

मूळ हिशेब सरासरीचा आहे

हा हिशेब समजून घेण्यासाठी पुण्यातल्या एखाद्या विद्यार्थ्यांच्या मेसचे उदाहरण पुरेसे आहे. मेसच्या काकू दोन पोळ्या खाणाऱ्याकडून आणि आठ पोळ्या खाणाऱ्याकडून महिन्याचे सारखेच पैसे घेतात. आठ पोळ्यांवाला समोर बसला म्हणून त्या अस्वस्थ होत नाहीत, कारण कणीक किती भिजवायची हे त्या सगळ्या पंगतीकडे पाहून ठरवतात. कोणी किती खाल्ले याला त्यांच्या लेखी महत्त्व नसते. सगळ्यांनी मिळून किती खाल्ले आणि कितीजण खाडे करून गेले, याला असते.

हॉटपॉटचा मालकही नेमके हेच करतो. आकड्यांत पाहू, हे आकडे मी केवळ समजावण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, दर माणशी १०० युआन आकारले जातात. त्यांतील ५५ युआन पगार, भाडे, गॅस-वीज आणि इतर स्थिर खर्चांत जातात. उरलेल्या ४५ मध्ये अन्नाचा खर्च भागला पाहिजे. आता शंभर ग्राहकांपैकी तीस जण बेताचे खाणारे आहेत आणि प्रत्येकी २५ युआनचे अन्न संपवतात, साठ जण मध्यम आहेत आणि ४० युआनचे संपवतात, आणि दहा जण दांडगे आहेत, ते ८० युआनचे संपवतात. एकूण अन्नखर्च ३,९५० युआन झाला, म्हणजे सरासरी साडेएकोणचाळीस. मालकाला दर माणशी साडेपाच युआन उरले. त्या दहा जणांवर त्याला तोटा झाला हे खरे, पण तो इतर नव्वद जणांनी भरून काढला, आणि त्या नव्वद जणांना आपण काही भरून काढत आहोत हे जाणवलेही नाही.

हे प्रमाण हवेतले नाही. ताटलीगणिक दाम घेणाऱ्या हायदीलाओच्या २०१८ च्या हिशेबात दर माणशी सरासरी बिल सुमारे १०१ युआन होते. उत्पन्नातील सुमारे ४१ टक्के वाटा कच्च्या मालावर आणि जवळजवळ ३० टक्के वाटा कर्मचाऱ्यांवर खर्च होत होता. म्हणजे शंभर युआनच्या जेवणातही ताटलीतल्या वस्तूंची किंमत निम्म्याहून कमीच असते. दुप्पट खाणारा ग्राहक मालकाचा खर्च दुप्पट करत नाही. तो फक्त अन्नाचा भाग दुप्पट करतो. आणखी एक ताटली दिल्याने जो जास्तीचा खर्च येतो, त्याला अर्थशास्त्रात सीमांत खर्च म्हणतात, आणि या सगळ्या व्यवसायाचे रहस्य हा सीमांत खर्च कमी ठेवण्यात आहे.

पण दांडगे खाणारेच जमा झाले तर?

ही शंका रास्त आहे, आणि माझ्या दृष्टीने ती या विषयाचा गाभा आहे. दर सर्वांना सारखा असेल तर ज्याची भूक मोठी आहे त्याला तो स्वस्त वाटतो आणि ज्याची भूक लहान आहे त्याला महाग. मग लहान भुकेचा माणूस हळूहळू यायचा बंद होतो, मोठ्या भुकेचा मित्रांना घेऊन येतो, सरासरी वर सरकते, मालक दर वाढवतो, आणि दर वाढल्यामुळे उरलेसुरले बेताचे खाणारेही पाठ फिरवतात. वरच्या उदाहरणात बेताचे दहा, मध्यम पन्नास आणि दांडगे चाळीस असे प्रमाण झाले, तर अन्नखर्च ५,४५० युआनवर जातो आणि मालकाला दर माणशी साडेनऊ युआन तोटा होतो. दर तोच, पदार्थ तेच. फक्त पंगतीतली माणसे बदलली.

या प्रक्रियेला प्रतिकूल निवड असे नाव आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या निमित्ताने ती मांडली आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. आरोग्य विमा कंपन्यांना ज्या कारणासाठी आजारी माणसांबरोबर निरोगी माणसेही विमेदार म्हणून हवी असतात, त्याच कारणासाठी हॉटपॉटच्या मालकाला बेताचे खाणारे ग्राहक हवे असतात.

मेन्यूकार्डावरच्या कितीतरी गोष्टी या एका गरजेतून आलेल्या आहेत. लहान मुलांना अर्धे पैसे का, तर ती कमी खातात आणि आईवडिलांना घेऊन येतात. जपानमधील अनेक शाबू-शाबू साखळ्या ज्येष्ठ नागरिकांना सवलत देतात, तीही याच हिशेबाने. दुपारचा दर रात्रीपेक्षा कमी असतो, कारण दुपारी लोक कमी वेळ बसतात आणि कमी खातात. सर्वांत चतुर युक्ती म्हणजे दरांच्या पायऱ्या: केवळ डुकराच्या मांसाचा एक दर, गोमांसासह दुसरा, आणि वाग्यू या महागड्या जपानी गोमांसासह तिसरा. ग्राहकाची भूक आणि आवड मालकाला आधी कळू शकत नाही, पण तीन पायऱ्या समोर ठेवल्या की ग्राहक स्वतःच आपण कोणत्या गटातले ते सांगून टाकतो. एका दराच्या पंगतीपेक्षा ही व्यवस्था मला अधिक न्याय्यही वाटते, कारण फक्त भाज्या आणि टोफू खाणाऱ्याने दुसऱ्याच्या वाग्यूचे पैसे भरावेत, याला काही आधार नाही.

हॉटपॉटलाच हे का परवडते

अमर्याद जेवण कोणत्याही पदार्थाचे देता येईल, पण हॉटपॉट त्याला विशेष मानवते. याची पहिली आणि सर्वांत मोठी बाजू श्रमाची आहे. नेहमीच्या उपाहारगृहात प्रत्येक जादा ताटलीमागे कुशल आचाऱ्याचा वेळ जातो. हॉटपॉटमध्ये आचारी ग्राहक स्वतः असतो. स्वयंपाकघरात रस्सा मोठ्या प्रमाणावर आधीच तयार असतो, भाज्या धुऊन चिरलेल्या असतात आणि गोठवलेल्या मांसाचे काप यंत्रावर पडत असतात. त्यामुळे दहावी ताटली पाठवण्याचा श्रमखर्च पहिलीपेक्षा जास्त नसतो, आणि तो पहिल्या ताटलीलाही फारसा नव्हता.

दुसरी बाजू गतीची आहे. रस्सा उकळत असताना दोन मिलिमीटर जाडीचा काप काही सेकंदांत शिजतो, पण गार पदार्थ एकदम ओतले की उकळी थांबते आणि ती पुन्हा येईपर्यंत वाट पाहावी लागते. भांडे एक, त्याभोवती माणसे चार. कितीही घाई केली तरी भांड्याच्या क्षमतेबाहेर कोणी जाऊ शकत नाही. मांडलेल्या बुफेमध्ये ताट भरून घेऊन दहा मिनिटांत संपवता येते, इथे तसे करता येत नाही. आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला काही मिनिटे जावी लागतात. जो सावकाश खातो त्याला तो निरोप जेवण चालू असतानाच मिळतो, जो भराभर खातो त्याला उठल्यावर. म्हणून हॉटपॉटवर माणूस बहुधा स्वतःहूनच थांबतो.

तिसरी बाजू ताटलीच्या रचनेची. यंत्रावर कापलेले गोठवलेले मांस गुंडाळ्या होऊन पडते, ताटली भरगच्च दिसते आणि वजन मात्र हलके असते. भात, नूडल्स, तळलेले वडे, गोड पेये अशा स्वस्त आणि पोट भरणाऱ्या गोष्टी मुबलक असतात आणि त्या बहुधा आधी समोर येतात. रश्श्याचे पैसे काही ठिकाणी वेगळे घेतात, मद्याचे तर बहुतेक ठिकाणी वेगळेच. यात लबाडी आहे असे मला वाटत नाही, कारण सगळे उघड्यावर असते आणि काय उचलायचे ते ग्राहकच ठरवतो.

एक गोष्ट मात्र मालकाच्या विरोधात जाते, ती म्हणजे विविधता. आहार-संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की एखादा पदार्थ खाता खाता त्याच पदार्थाची गोडी कमी होते, पण समोर दुसऱ्या चवीचा पदार्थ आला की भूक पुन्हा जागी होते. हॉटपॉटमध्ये डझनावारी पदार्थ असतात आणि चटणीची वाटी प्रत्येक वेळी नव्याने कालवता येते: तिळाची पेस्ट, लसूण, सोया सॉस, व्हिनेगर, कोथिंबीर. त्यामुळे लोक एरवीपेक्षा जास्त खातात. मालकाला हे ठाऊक असते, आणि तरीही तो पदार्थ कमी करत नाही, कारण विविधतेसाठीच लोक येतात.

दीड-दोन तासांची घड्याळी अट कशासाठी

मराठी मंडळी परदेशात पहिल्यांदा अशा ठिकाणी जातात तेव्हा त्यांना ही अट बहुधा खटकते. पैसे घेतले आणि वर घड्याळ लावले, हे आतिथ्याला धरून नाही, असे वाटते. पण वेळेची मर्यादा काढून टाकली तर ही सगळी व्यवस्था कोसळेल.

पन्नास खुर्च्यांचे उपाहारगृह संध्याकाळी पाच ते रात्री अकरा चालते असे समजा. प्रत्येक जण दोन तास बसला तर खुर्च्या तीनदा भरतात आणि दीडशे जण जेवतात. दीड तास बसला तर चारदा भरतात आणि दोनशे जण जेवतात. भाडे आणि पगार दोन्ही वेळा जवळपास तेच. जो ग्राहक ताटल्या कमी मागवतो पण तीन तास बसून राहतो, तो दांडग्या खाणाऱ्यापेक्षाही मालकाला महाग पडू शकतो. हायदीलाओसारखी ताटलीगणिक दाम घेणारी साखळीसुद्धा आपले यश मोजताना एक टेबल दिवसातून कितीदा भरले याकडे पाहते. २०१८ मध्ये तो आकडा दिवसाला पाच होता. जपान-तैवानमध्ये शेवटची मागणी वेळ संपण्याच्या वीस-तीस मिनिटे आधी घेतात, ती याचसाठी: ताटल्या संपाव्यात, अन्न उरू नये आणि पुढच्या माणसाला ठरल्या वेळी खुर्ची मिळावी.

मग चेंगदूत काय चुकले

आता त्या १२० युआनच्या कार्डाकडे वळू. हायदीलाओमध्ये त्याच वर्षी एका जेवणाचे सरासरी बिल सुमारे १०१ युआन होते हे वर आलेच आहे, तेव्हा एका मोठ्या साखळीतील एका जेवणापेक्षा थोड्याच जास्त रकमेत इथे महिनाभराचे जेवण मिळत होते. दर कमी असणे हा दोष होताच. पण मला त्याहून मोठा दोष वेगळा वाटतो. एका बैठकीचे अमर्याद जेवण देताना मालकाच्या बाजूने दोन नैसर्गिक मर्यादा उभ्या असतात: माणसाचे पोट आणि घड्याळ. महिन्याच्या कार्डाने या दोन्ही मर्यादा पुसून टाकल्या. पोट भरले तरी ते संध्याकाळी पुन्हा रिकामे होते. शिवाय कार्ड हस्तांतरित होत असल्याने पोटे एकाची अनेक झाली.

मेसमध्येही महिन्याचेच पैसे भरतात, मग ती का बुडत नाही? कारण काकू प्रत्येकाला चेहऱ्याने ओळखतात, पाहुणा आणला तर त्याचे वेगळे पैसे घेतात, दिवसाला दोनच वेळा वाढतात आणि वाढतात ते पोळी-भाजी-वरण-भात. कोळंबी आणि गोमांस नव्हे. चेंगदूच्या मालकांना आपण सुरुवातीला तोटा सोसणार याची कल्पना होती. गर्दी दाखवून घाऊक विक्रेत्यांकडून स्वस्तात माल मिळवावा आणि नेहमीचे ग्राहक जोडावेत, असा त्यांचा विचार होता. ग्राहकांच्या वागण्याबद्दल त्यांनी नाराजी व्यक्त केली, पण आपले व्यवस्थापन हे मुख्य कारण असल्याचेही मान्य केले. ही कबुली मला प्रामाणिक वाटते. दिलेल्या सवलतीचा लोक पुरेपूर उपयोग करतील, हे गृहीत धरूनच नियम आखावे लागतात.

रेड लॉबस्टरचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे आणि कोळंबीच्या नावाने त्याचे फारच सोपे रूप बातम्यांत आले. कंपनीने जून २०२३ मध्ये पूर्वी मर्यादित काळापुरती असलेली अमर्याद कोळंबी कायमची केली. गर्दी वाढली, पण अपेक्षेपेक्षा अधिक लोकांनी हाच पर्याय निवडला, म्हणजे एरवी महाग पदार्थ मागवणारे ग्राहकही स्वस्त योजनेकडे वळले. त्या वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीत सुमारे १ कोटी १० लाख डॉलरांचा तोटा झाला आणि दर आधी २२ व नंतर २५ डॉलरांवर न्यावा लागला. परंतु कंपनीच्या अनेक उपाहारगृहांच्या जागा २०१४ मध्येच विकल्या गेल्या होत्या आणि त्यांचे जड भाडे ती वर्षानुवर्षे भरत होती. आधीच खिळखिळ्या झालेल्या हिशेबाला कोळंबीने धक्का दिला, इतकेच म्हणता येईल. याच साखळीने २००३ मध्ये खेकड्यांची अशीच योजना आणून हात पोळून घेतले होते. खेकडा महाग असतोच, शिवाय तो फोडून खायला वेळ लागतो, त्यामुळे अन्नखर्च आणि टेबल अडून राहणे या दोन्ही बाजूंनी हिशेब उलटतो.

ग्राहकाने पैसे वसूल कसे करावेत

इथे मला सर्वांत जास्त तळमळीने काही सांगायचे आहे, कारण वसुलीच्या नादात स्वतःला त्रास करून घेणारी माणसे अशा ठिकाणी नेहमी दिसतात. दुपारी उपाशी राहायचे, महागातला पदार्थ शोधायचा, भाताला हात लावायचा नाही, आणि नको झाल्यावरही आणखी दोन ताटल्या मागवायच्या.

एकदा भरलेले आणि काहीही केले तरी परत न मिळणारे पैसे, यांना बुडीत खर्च म्हणतात. बिलाची रक्कम तुम्ही खुर्चीवर बसलात तेव्हाच ठरली. त्यानंतर सहावी ताटली खाल्ल्याने ती एका पैशाने कमी होत नाही. सहाव्या ताटलीपुढे एकच प्रश्न उरतो: ती खाताना आनंद होणार आहे की त्रास? तरीही मन तसे वागत नाही. मानसशास्त्राचे अभ्यासक हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नाटकांच्या मोसमाची तिकिटे काहींना पूर्ण दराने आणि काहींना सवलतीने मिळाली होती. मोसमाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण दर भरलेल्यांनी जास्त प्रयोगांना हजेरी लावली. नाटके तीच होती, पैसे परत मिळणार नव्हते, पण जास्त भरल्याची बोच त्यांना नाट्यगृहाकडे नेत राहिली. हॉटपॉटच्या टेबलावर हीच बोच आपल्याला नको असलेली ताटली मागवायला लावते.

आणि मालकाला हरवण्याचा विचार तर सोडूनच द्यावा, कारण तो तुमच्या एकट्याशी खेळतच नाही. तुम्ही चाळीस युआनचे जास्त खाल्लेत तरी दिवसाच्या दोनशे ग्राहकांत त्याचा वाटा दर माणशी ०.२ युआनचा. तुमच्या पोटावर मात्र सगळा भार तुम्हा एकट्याचा. शिवाय हॉटपॉटचा रस्सा जसजसा आटतो तसतसा तो अधिक खारट आणि तेलकट होत जातो, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी शेवटचा रस्सा पिण्याचा मोह टाळलेला बरा. कच्चे मांस उचलायचा चिमटा किंवा काड्या वेगळ्या ठेवाव्यात आणि कोंबडीचे मांस पूर्ण शिजल्याची खात्री करावी. बोलण्याच्या भरात या दोन गोष्टी राहून जातात.

उरलेल्या अन्नाचा दंड न्याय्य आहे का

अनेक ठिकाणी मागवून टाकून दिलेल्या अन्नाचे वेगळे पैसे लावतात. पैसे भरले आहेत तर ते खाऊ किंवा टाकू, हा आमचा प्रश्न, असे म्हणणारे भेटतात. पण ठरावीक रक्कम ही खाण्यासाठी असते. टाकलेली प्रत्येक ताटली सरासरी वर ढकलते आणि पुढच्या वेळी तिचे पैसे बेताने खाणारेच भरतात. चीनने २९ एप्रिल २०२१ रोजी अन्नाची नासाडी रोखणारा कायदाच केला. त्यानुसार उघडपणे जास्त उरवणाऱ्या ग्राहकाकडून विल्हेवाटीचे शुल्क घेण्याची मुभा उपाहारगृहांना मिळाली, ग्राहकाला गरजेपेक्षा जास्त मागवायला प्रवृत्त करणाऱ्या उपाहारगृहांनाही दंडाची तरतूद झाली, आणि अचाट खाण्याचे कार्यक्रम दाखवणाऱ्यांना १ लाख युआनपर्यंत दंड होऊ शकतो.

त्याच वर्षी हुनान प्रांतातील चांगशा येथे एका अमर्याद बार्बेक्यू उपाहारगृहाने एका दांडग्या खाणाऱ्याला, तो आपल्या खाण्याचे प्रक्षेपणही करत असे, प्रवेशबंदी केली आणि त्यावर मोठा वाद झाला. तो एका बैठकीत काही किलो कोळंबी संपवत होता, पण टाकत नव्हता. माझ्या मते इथे ग्राहकाची बाजू योग्य होती. हवे तेवढे खा असा शब्द दिल्यावर जास्त खाल्ले म्हणून दार बंद करणे हा शब्द फिरवणे झाले. मर्यादा घालायचीच असेल तर ती वेळेची, ताटल्यांची किंवा टाकण्याची, आणि सर्वांना सारखी व आधी सांगितलेली असावी.

शाकाहारी माणसाला हे परवडते का

वेगवेगळ्या देशांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना सहकाऱ्यांबरोबर अशा ठिकाणी जावे लागते, आणि त्यांच्यात शाकाहारी पुष्कळ असतात. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर शाकाहारी ग्राहक हा मालकाचा सर्वांत लाडका ग्राहक आहे, कारण टोफू, अळंबी आणि पालेभाज्यांचा सीमांत खर्च मांसाच्या मानाने थोडा असतो. सर्वांना एकच दर असेल तर शाकाहारी माणूस शेजाऱ्याच्या मांसाचे काही पैसे भरत असतो. मित्रांच्या सोबतीसाठी तेवढे देणे कोणाला योग्य वाटेल, कोणाला नाही; पण दोघेच जाणारे असाल आणि दोघेही शाकाहारी असाल, तर ताटलीगणिक दाम घेणारे ठिकाण निवडावे, बिल बहुधा कमीच येईल.

खरी अडचण रश्श्याची असते. चोंगचिंग पद्धतीच्या लाल रश्श्यात बैलाची चरबी असते, पांढुरका दिसणारा रस्सा बहुधा हाडांचा असतो, आणि जपानमधील कोंबूच्या रश्श्यात सुक्या बोनिटो माशाचा अर्क मिसळलेला असू शकतो. टोमॅटोचा किंवा अळंबीचा रस्सा मागवला तरी त्याचा पाया कशाचा आहे ते विचारून घ्यावे. दोन कप्प्यांचे भांडे मागवून एक कप्पा शाकाहारी ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, पण टेबलावरच्या पळ्या आणि काड्या इकडून तिकडे फिरतातच, तेव्हा ज्यांना हे चालणार नाही त्यांनी तैवानमध्ये सर्रास आढळणारी प्रत्येकाला स्वतंत्र लहान भांडे देणारी उपाहारगृहे शोधावीत. तिथे प्रत्येकाचा रस्सा वेगळा निवडता येतो, आणि निव्वळ भाज्यांचा दर मांसाच्या दरापेक्षा कमी ठेवणारी ठिकाणेही त्यांत सापडतात.